तंत्रप्रश्न : इमेजच्या पत्त्यात स्टार कुठवर पोहोचतो?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. अनेक संगणकांवर मिळून कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिस क्लस्टरमध्ये कोणती कंटेनर इमेज (सॉफ्टवेअरचे तयार गाठोडे) चालू द्यावी आणि कोणती अडवावी हे ठरवणाऱ्या पॉलिसी, आणि त्या पॉलिसींमध्ये आपण सगळेच सवयीने टाकत असलेले स्टारचे चिन्ह (*), म्हणजे ‘इथे काहीही चालेल’ असे सांगणारे वाइल्डकार्ड, हा तो विषय. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे. पत्ते आणि पॅटर्न वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत छापले आहेत; यामल या मांडणीतल्या सेटिंग-फाइलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत लिहावे लागतात. ‘आमची.इन’ हे नाव केवळ उदाहरणासाठी घेतले आहे.

प्रश्न : फक्त आमच्याच रजिस्ट्रीतील (इमेज साठवणाऱ्या सर्व्हरवरील) इमेज चालाव्यात म्हणून आम्ही ‘*आमची.इन/*’ असा पॅटर्न लिहिला होता. सुरक्षा तपासणीसाठी आलेल्या परीक्षकांनी ‘नको-आमची.इन/चाचणी/ॲप:१’ या पत्त्याची इमेज आमच्याच क्लस्टरमध्ये चालवून दाखवली. पॅटर्नमध्ये नेमके काय चुकले? (पुण्याहून एक वाचक)

चूक पॅटर्नच्या पहिल्याच चिन्हात आहे. ती नीट समजण्यासाठी इमेजचा पत्ता कसा बनतो ते आधी पाहू.

‘रजिस्ट्री.आमची.इन:५०००/पेमेंट/एपीआय:२.४@शा२५६:…’ हा पत्ता दिसायला अक्षरांची एक सलग ओळ असला, तरी त्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रजिस्ट्रीचा होस्ट, त्याचा पोर्ट, स्लॅशने तोडलेला मार्ग, कोलननंतरचा टॅग (आवृत्तीचे नाव) आणि ‘@’ नंतरचा डायजेस्ट, म्हणजे मजकुरावरून काढलेली चौसष्ट अंकी खूण. यांपैकी प्रत्येकाचा मालक वेगळा असू शकतो आणि प्रत्येकाच्या सीमेवर एक ठरावीक विरामचिन्ह असते. साध्या वाइल्डकार्डला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसतात ती फक्त अक्षरे, आणि बिंदू, स्लॅश, कोलन ही त्याच्या लेखी इतर अक्षरांसारखीच अक्षरे असतात.

डोमेन नावाची मालकी उजवीकडून डावीकडे वाचावी लागते. ‘आमची.इन’ तुमचे आहे, त्यामुळे त्याच्या डावीकडे बिंदू देऊन जे जोडले जाईल तेही तुमचे. पण बिंदूऐवजी संयोगचिन्ह आले की ते संपूर्ण वेगळे डोमेन ठरते आणि काही शे रुपये भरून ते कोणीही नोंदवू शकतो. तुमच्या पॅटर्नमध्ये स्टार आणि ‘आमची’ यांच्यामध्ये बिंदू नव्हता, म्हणून ‘नको-’ हे अक्षर-समूह स्टारमध्ये सहज सामावले गेले.

आता मधे बिंदू टाकून ‘*.आमची.इन/*’ असे लिहिले तर भागेल का? परीक्षकांचे उदाहरण अडेल, पण भोक बुजणार नाही. मार्गाच्या तुकड्यांमध्ये बिंदू असायला इमेज-पत्त्याच्या व्याकरणात मुभा आहे. त्यामुळे ‘परका.कॉम/रजिस्ट्री.आमची.इन/ॲप:१’ हा पत्ता पूर्णपणे वैध आहे, त्यातली इमेज परक्याच्या सर्व्हरवरून येते, आणि स्लॅश ओलांडू शकणारा स्टार ‘परका.कॉम/रजिस्ट्री’ एवढा सगळा भाग गिळून पॅटर्न जुळल्याचे सांगतो. म्हणून होस्टच्या डावीकडे स्टार लिहूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. रजिस्ट्री तीन असतील तर तीन ओळी लिहाव्यात, आणि प्रत्येकीत होस्ट पहिल्या अक्षरापासून पूर्ण लिहावा : ‘रजिस्ट्री.आमची.इन/*’.

उजव्या बाजूलाही हाच सापळा आहे. गिटहबच्या रजिस्ट्रीसाठी ‘जीएचसीआर.आयओ/आमची*’ असा पॅटर्न लिहिला, तर गिटहबवर ‘आमची-टूल्स’ नावाचे खाते उघडणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाची इमेज त्यात बसते. स्टारच्या आधी स्लॅश हवा : ‘जीएचसीआर.आयओ/आमची/*’. गेटकीपर या पॉलिसी राबवणाऱ्या साधनाच्या पॉलिसी-संग्रहातील मान्य रजिस्ट्रींची जुनी पॉलिसी पत्त्याची सुरुवात तेवढी जुळवून पाहत असे, आणि शेवटचा स्लॅश लिहायला विसरलेल्यांच्या क्लस्टरमध्ये हीच फट राहत असे. पुढे त्याच पॉलिसीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात पत्ता एक तर तंतोतंत जुळावा लागतो, किंवा शेवटी स्टार लिहून ‘इथून पुढे काहीही’ हे स्वतःहून सांगावे लागते.

आणखी एक उदाहरण येथेच देतो, कारण ते चिन्हांच्या पलीकडचे आहे. ॲमेझॉनच्या ईसीआर रजिस्ट्रीचा मुंबई विभागातील पत्ता ‘(बारा अंकी खाते क्रमांक).डीकेआर.ईसीआर.एपी-साउथ-१.ॲमेझॉनएडब्ल्यूएस.कॉम’ असा असतो. कंपनीची पाच-सहा खाती असली की खाते क्रमांकाच्या जागी स्टार लिहिण्याचा मोह होतो. अशा पॅटर्नमध्ये बिंदू जागच्या जागी असतात, स्लॅश जागच्या जागी असतो, आणि तरीही त्याचा अर्थ ‘ॲमेझॉनच्या मुंबई विभागातला कोणताही ग्राहक’ असा होतो. परक्या खात्याच्या मालकाने स्वतःची रजिस्ट्री तुमच्या खात्याला खुली करून दिली, की त्याची इमेज तुमच्या क्लस्टरमध्ये उतरू शकते. पत्त्याच्या ज्या तुकड्यावरून मालक ठरतो त्या तुकड्यात वाइल्डकार्ड असता कामा नये, मग तो तुकडा डोमेन असो, गिटहबचे खाते असो की बारा आकडे.

प्रश्न : ‘रजिस्ट्री.आमची.इन/*’ हा एकच पॅटर्न आम्ही कायव्हर्नो आणि सिगस्टोअरचा पॉलिसी कंट्रोलर या पॉलिसी राबवणाऱ्या दोन साधनांत वापरतो. पहिल्यात ‘रजिस्ट्री.आमची.इन/पेमेंट/एपीआय’ जुळते, दुसऱ्यात जुळत नाही. यातले बरोबर कोण? (ठाण्याहून, एका बँकेच्या तंत्रविभागातील वाचक)

दोन्ही साधने आपापल्या नियमाने बरोबर वागत आहेत, कारण स्टारच्या दोन जुन्या परंपरा आहेत. पहिली युनिक्सच्या शेलची. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये फाइलींची नावे जुळवण्यासाठी ‘ग्लोब’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम होता, आणि त्या परंपरेत एकटा स्टार फोल्डरची सीमा, म्हणजे स्लॅश, ओलांडत नाही. दुसरी परंपरा मजकूर शोधण्याची. एसक्यूएलमधल्या टक्क्याच्या चिन्हाप्रमाणे तिथे स्टार म्हणजे काहीही, कितीही, कुठवरही.

कायव्हर्नो दुसऱ्या परंपरेतला आहे. त्यात स्टार शून्य किंवा अधिक अक्षरांशी जुळतो, त्यात स्लॅशही आला, आणि प्रश्नचिन्ह एकाच अक्षराशी जुळते. सिगस्टोअरचा पॉलिसी कंट्रोलर पहिल्या परंपरेतला आहे. त्यात एक स्टार स्लॅशपाशी थांबतो आणि स्लॅश ओलांडायचा असेल तर दोन स्टार लिहावे लागतात. गूगलच्या बायनरी ऑथोरायझेशन या इमेज तपासणाऱ्या सेवेत सूट देण्याच्या यादीतही हाच एक स्टार आणि दोन स्टार असा भेद आहे. कुबलेटला (क्लस्टरच्या प्रत्येक संगणकावर कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामला) रजिस्ट्रीचे पासवर्ड पुरवणाऱ्या क्रेडेन्शियल प्रोव्हायडरच्या यादीचा नियम आणखी वेगळा : तेथे स्टार फक्त होस्टमध्ये चालतो, पोर्टमध्ये आणि मार्गात चालत नाही, आणि तो दोन बिंदूंमधला एकच तुकडा व्यापतो. पॉडमन आणि क्राय-ओ ही कंटेनर चालवणारी साधने वापरत असलेल्या पॉलिसी-फाइलमध्ये मार्गासाठी स्टारच नाही. तेथे होस्ट, नेमस्पेस, रेपॉझिटरी अशा चढत्या पातळ्या असतात, जी नोंद सर्वांत नेमकी असेल ती लागू होते, आणि वाइल्डकार्ड म्हणून केवळ होस्टच्या सुरुवातीला ‘*.’ लिहिता येते.

ओपा या पॉलिसी-इंजिनच्या रेगो भाषेत स्वतःच्या पॉलिसी लिहिणाऱ्यांनी त्याच्या ग्लोब-जुळणीकडे विशेष लक्ष द्यावे. तिला सीमाचिन्हांची यादी द्यावी लागते. रिकामी यादी दिली तर ती बिंदूलाच सीमा मानते, आणि ‘नल’ दिले तर कोणतीच सीमा मानत नाही. रिकामी यादी म्हणजे ‘सीमा नाहीत’ असा समज करून घेऊन लिहिलेल्या पॉलिसी मी पाहिल्या आहेत, आणि त्या लिहिणारी माणसे निष्काळजी मुळीच नव्हती.

तुमच्या नेमक्या अडचणीवर एक सरळ उपाय आहे. जिथे सर्व खोलीपर्यंत मुभा द्यायची आहे तिथे दोन्ही साधनांत ‘रजिस्ट्री.आमची.इन/**’ असे लिहावे. कायव्हर्नोसाठी लागोपाठचे दोन स्टार एकाच स्टारइतके असतात, त्यामुळे अर्थ दोन्हीकडे एकच राहतो. उलट गरज असेल, म्हणजे मार्गाच्या एकाच पातळीपुरती मुभा द्यायची असेल, तर कायव्हर्नोमध्ये एकट्या स्टारने ते नेमके सांगता येत नाही. अशा वेळी संपूर्ण पत्त्याऐवजी त्याचे सुटे भाग तपासावेत. कायव्हर्नो प्रत्येक इमेजचा पत्ता उलगडून रजिस्ट्री, मार्ग, नाव, टॅग आणि डायजेस्ट ही मूल्ये वेगवेगळी उपलब्ध करून देतो. ‘रजिस्ट्री बरोबर ही, आणि मार्ग या नमुन्याचा’ अशा दोन स्वतंत्र अटी घातल्या, की पहिल्या प्रश्नातला होस्ट-ओलांडणारा स्टार मुळातच अशक्य होतो. मला वाइल्डकार्डमध्ये करण्यासारखी सर्वांत मोलाची सुधारणा हीच वाटते : आधी पत्ता तोडायचा, मग प्रत्येक तुकड्यावर त्याचा त्याचा पॅटर्न लावायचा.

प्रश्न : प्रत्येक इमेजला टॅग असलाच पाहिजे म्हणून ‘*:*’ आणि ‘लेटेस्ट’ हा टॅग चालणार नाही म्हणून ‘!*:लेटेस्ट’ असे दोन नियम आम्ही ठेवले आहेत. हे पुरेसे आहे का? (नाशिकहून एक वाचक)

दोन्ही नियम एकत्र ठेवलेत हे योग्य केले. नुसता दुसरा नियम असता तर टॅगच न लिहिलेली ‘एनजिनएक्स’ ही इमेज त्यातून सुटली असती, कारण तिच्या पत्त्यात ‘लेटेस्ट’ हा शब्दच नाही, आणि टॅग लिहिला नाही की प्रत्यक्षात ‘लेटेस्ट’च उतरवला जातो.

तरीही दोन फटी राहतात. ‘लोकलहोस्ट:५०००/ॲप’ या पत्त्याला टॅग नाही, पण पोर्टच्या आधीचा कोलन ‘*:*’ ला पुरतो. आणि ‘एनजिनएक्स:लेटेस्ट@शा२५६:…’ या पत्त्याचा शेवट ‘लेटेस्ट’ने होत नाही, म्हणून तो दुसऱ्या नियमातून पार होतो. टॅग आणि डायजेस्ट दोन्ही असतील तेव्हा डायजेस्टच खरा मानला जातो, त्यामुळे यातली दुसरी फट धोक्याची नाही. पहिली मात्र आहे, विशेषतः ज्यांची अंतर्गत रजिस्ट्री पोर्टसह चालते त्यांच्यासाठी. मागच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे टॅग हा सुटा भाग म्हणून तपासला की कोलनचा हा गोंधळ उरत नाही.

शिवाय नियम केवळ मुख्य कंटेनरना लागू आहेत का तेही पाहावे. इनिट कंटेनर (मुख्य कंटेनरआधी चालणारे) आणि चालू पॉडमध्ये, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटात, नंतर घालता येणारे एफिमेरल कंटेनर यांच्या याद्या वेगळ्या असतात, आणि त्यांचा उल्लेख केला नसेल तर पॅटर्न कितीही चांगला असला तरी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. एफिमेरल कंटेनर कुबरनेटिसच्या १.२५ या आवृत्तीपासून स्थिर सुविधा म्हणून आले आहेत. त्याआधी लिहिलेल्या पॉलिसी या दृष्टीने अवश्य तपासाव्यात.

प्रश्न : आमच्या सर्व इमेजवर डिजिटल सही असते, आणि ‘रजिस्ट्री.आमची.इन/पेमेंट/*:व्ही*’ या पॅटर्नच्या इमेजची सही तपासणारी पॉलिसी आम्ही लावली आहे. तरीसुद्धा सही नसलेली एक इमेज त्याच नेमस्पेसमध्ये (क्लस्टरच्या विभागात) चालू असल्याचे आढळले. लॉगमध्ये कोणतीही त्रुटी नाही. (मडगावहून एक वाचक)

या महिन्यातले हे सर्वांत महत्त्वाचे पत्र आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

पॅटर्न तीन निरनिराळ्या कामांसाठी लिहिला जातो. एक, मुभा देण्यासाठी : जुळले तर आत. दोन, मनाई करण्यासाठी : जुळले तर बाहेर. तीन, निवड करण्यासाठी : जुळले तर पुढची तपासणी करा. पहिल्या प्रकारात पॅटर्न गरजेपेक्षा सैल झाला तर धोका असतो. गरजेपेक्षा घट्ट झाला तर कोणाचे तरी काम अडते, तो माणूस तक्रार करतो आणि चूक त्याच दिवशी कळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात हे बरोबर उलटे होते. तिथे घट्ट पॅटर्न धोक्याचा, कारण जे जुळत नाही ते न तपासता आत जाते, आणि कोणाचेच काम अडत नसल्यामुळे कोणी तक्रारही करत नाही. तुमच्या लॉगमध्ये त्रुटी नाही याचे कारण एवढेच, की तपासणी झालीच नाही.

तुमच्या पॅटर्नला कोणते पत्ते चुकवू शकतात ते पाहा. ‘रजिस्ट्री.आमची.इन/पेमेंट/एपीआय@शा२५६:…’ असा केवळ डायजेस्ट लिहिलेला पत्ता घ्या. पॅटर्न संपूर्ण पत्त्यावर ताडला जात असेल, तर यात ‘:व्ही’ कुठेच नाही, म्हणून तो निवडलाच जात नाही. आणि डायजेस्टने इमेज मागवणे ही तर चांगली सवय म्हणून आपणच शिकवतो. ‘रजिस्ट्री.आमची.इन:४४३/पेमेंट/एपीआय:व्ही२’ हा पत्ता घ्या. ४४३ हा एचटीटीपीएसचा नेहमीचा पोर्ट असल्यामुळे तो लिहिला काय आणि न लिहिला काय, सर्व्हर तोच. पण अक्षरे वेगळी. होस्टच्या नावात मोठी आणि लहान रोमन अक्षरे डीएनएसच्या दृष्टीने सारखीच असतात, पॅटर्नच्या दृष्टीने बहुधा नसतात. आणि सर्वांत साधी शक्यता म्हणजे इमेज तुमच्या रजिस्ट्रीतली नसून भलतीकडचीच असणे. तिच्याबद्दल तुमची पॉलिसी काहीच बोलत नाही.

मी पूर्वी एका संस्थेत काम करत असताना रजिस्ट्री नव्या पोर्टवर हलवली गेली. सर्व संघांनी आपापल्या यामल फाइली वेळेवर बदलल्या, पण सही तपासणाऱ्या पॉलिसीतला पत्ता तोच राहिला. तीन आठवडे एकाही इमेजची सही तपासली गेली नाही, आणि त्या तीन आठवड्यांत आम्हा सर्वांना क्लस्टर नेहमीपेक्षा सुरळीत चालत असल्यासारखे वाटत होते.

उपाय दोन टप्प्यांचा आहे. पहिला, पॅटर्नला देण्याआधी पत्ता प्रमाण रूपात आणणे : होस्ट लहान अक्षरांत, नेहमीचा पोर्ट काढून टाकलेला, आखूड नावे पूर्ण केलेली. आखूड नावांचा नियम असा, की पहिल्या स्लॅशच्या आधीच्या तुकड्यात बिंदू किंवा कोलन नसेल आणि तो ‘लोकलहोस्ट’ही नसेल, तर तो होस्ट नव्हे, मग डॉकर हब गृहीत धरले जाते, आणि मार्गात एकच तुकडा असेल तर त्याच्या आधी ‘लायब्ररी’ लागते. म्हणून ‘बिझीबॉक्स’ म्हणजे ‘डॉकर.आयओ/लायब्ररी/बिझीबॉक्स:लेटेस्ट’. यातही एक गोष्ट जपावी लागते : सिगस्टोअरचा पॉलिसी कंट्रोलर जुळणी करताना डॉकर हबसाठी ‘इंडेक्स.डॉकर.आयओ’ हा होस्ट धरतो, तर पॉडमनच्या पॉलिसी-फाइलमध्ये ‘डॉकर.आयओ’ लिहावे लागते. तुमचे साधन कोणते रूप मानते ते त्याच्या दस्तऐवजात पाहून पॅटर्न त्या रूपात लिहावा.

दुसरा टप्पा मला अधिक मोलाचा वाटतो. निवड करणाऱ्या पॉलिसीच्या जोडीला मुभा देणारी एक वेगळी पॉलिसी हवीच, जी स्पष्ट सांगेल की या ठरावीक रजिस्ट्रींखेरीज दुसरे काहीही चालणार नाही. मग निवडीच्या पॅटर्नमधून जे निसटेल ते मुभेच्या पॅटर्नपाशी अडेल. सिगस्टोअरच्या पॉलिसी कंट्रोलरमध्ये कोणत्याच पॉलिसीशी न जुळणाऱ्या इमेजचे काय करायचे यासाठी स्वतंत्र सेटिंग आहे, आणि ते नाकारण्यावर ठेवलेले असते. त्रास होतो म्हणून ते ‘मुभा’वर नेऊ नये. मात्र ज्या नेमस्पेसवर त्याचे लेबल लावलेले नाही तिथे तो मुळात लक्षच घालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कायव्हर्नोच्या सही-पडताळणीच्या नियमात न जुळणाऱ्या इमेज सोडून दिल्या जातात, त्यामुळे तिथे ही जोड-पॉलिसी तुम्हालाच लिहावी लागते. तुमच्या बाबतीत निवडीचा पॅटर्न टॅगचा उल्लेख न करता ‘रजिस्ट्री.आमची.इन/पेमेंट/**’ इतका सैल करावा आणि मुभेची यादी होस्टपासून घट्ट ठेवावी.

प्रश्न : आम्ही स्वतःचा ॲडमिशन वेबहुक (क्लस्टरमध्ये येणाऱ्या विनंत्या तपासणारा प्रोग्राम) गो भाषेत लिहीत आहोत. वाइल्डकार्ड टाकून देऊन सरळ रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचे नमुने सांगणारी अधिक सविस्तर चिन्हभाषा) वापरावे का? आणि मोठ्या क्लस्टरमध्ये जुळणीचा वेग अडचणीचा ठरेल का? (टोरांटोहून एक मराठी वाचक)

रेग्युलर एक्स्प्रेशनची ताकद मोठी आहे, पण पॉलिसी लिहिणाऱ्यांच्या हाती ती देताना दोन चुका जवळजवळ ठरलेल्या असतात. ‘रजिस्ट्री.आमची.इन’ असे लिहिले की त्यातला बिंदू कोणत्याही अक्षराशी जुळतो, म्हणजे बिंदूच्या जागी भलते अक्षर घालून नोंदवलेले डोमेनही पास होते. आणि सुरुवात व शेवट बांधणारी चिन्हे विसरली, की पत्त्यात कुठेही मधेच तुकडा सापडला तरी जुळणी यशस्वी होते. कुबरनेटिसमध्ये नियम लिहिण्यासाठी असलेल्या सेल भाषेतली आणि रेगोतली रेग्युलर एक्स्प्रेशनची जुळणी अशीच वागते. वाइल्डकार्ड मुळातच दोन्ही टोकांना बांधलेले असते आणि त्यात बिंदू म्हणजे बिंदूच. एवढ्यासाठीच मी ते टाकून देणार नाही; सीमा जाणणारे वाइल्डकार्ड लिहीन.

वेगाबद्दल. अननुभवी माणूस जुळणी पुनरावर्तनाने लिहितो : स्टार आला की तो शून्य अक्षरे घेतो, एक घेतो, दोन घेतो असे प्रत्येक वेळी नव्याने करून पाहायचे. पॅटर्नमध्ये पाच-सात स्टार आणि पत्त्यात एकच अक्षर पुन्हा पुन्हा असले की शक्यतांची संख्या भूमिती-श्रेणीने वाढते. याला सोपा पर्याय आहे. दोन निर्देशक ठेवायचे, एक पॅटर्नवर आणि एक पत्त्यावर, आणि शेवटचा स्टार कुठे भेटला तेवढेच लक्षात ठेवायचे. पुढे अक्षर जुळले नाही तर त्या शेवटच्या स्टारला एक अक्षर अधिक देऊन तिथून पुढे चालायचे. त्याआधीच्या स्टारकडे परत जाण्याची गरजच पडत नाही, कारण आधीच्या भागाची जुळणी जितक्या लवकर संपेल तितका पुढच्या स्टारला वाव जास्त राहतो. अशाने काम फार तर पॅटर्नची लांबी गुणिले पत्त्याची लांबी इतकेच होते. टॅग १२८ अक्षरांपेक्षा लांब असू शकत नाही, आणि होस्टसह नावाला अनेक साधने २५५ अक्षरांची मर्यादा घालतात, तेव्हा हा गुणाकार लहानच राहतो.

एक स्टार आणि दोन स्टार यांत भेद ठेवायचा असेल तर हीच युक्ती दोन पातळ्यांवर वापरावी. पत्ता आणि पॅटर्न दोन्ही स्लॅशवर तोडावेत. दोन स्टार हा एक संपूर्ण तुकडाच असला पाहिजे अशी अट घालावी, आणि ‘आमची**’ असे काही लिहिले तर पॉलिसी साठवतानाच नाकारावी. मग तुकड्यांच्या पातळीवर शेवटचे दोन स्टार लक्षात ठेवायचे, आणि प्रत्येक तुकड्याच्या आत शेवटचा एक स्टार. होस्ट आणि टॅग यांना या सगळ्यातून आधीच बाजूला काढलेले असावे.

कुबरनेटिस ॲडमिशन वेबहुकच्या उत्तरासाठी दहा सेकंद थांबते, आणि ही मर्यादा वाढवून तीस सेकंदांपर्यंतच नेता येते. त्यानंतर काय होते हे अपयशाच्या सेटिंगवर अवलंबून असते. ते ‘दुर्लक्ष करा’ असे ठेवले असेल तर जुळणी मंदावणे म्हणजे दार उघडणे. त्यामुळे वेगाचा प्रश्न हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे.

चाचण्यांबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी लिहितो. प्रत्येक पॅटर्नसोबत जुळले पाहिजेत अशा पत्त्यांची यादी बहुतेक जण ठेवतात. जुळता कामा नयेत अशा पत्त्यांची ठेवत नाहीत. ही दुसरी यादी चांगल्या पत्त्यावरूनच बनवता येते. होस्टच्या आधी एक अक्षर वाढवा, बिंदूच्या जागी संयोगचिन्ह घाला, आपला होस्ट परक्या होस्टच्या मार्गात लिहा, नेमस्पेसला शेपूट जोडा. मग त्याच पत्त्याला पोर्ट लावा, होस्ट मोठ्या अक्षरांत लिहा, टॅग काढा, डायजेस्ट लावा, आणि यांतल्या प्रत्येकाचे उत्तर काय यायला हवे ते मनाशी ठरवून लिहून ठेवा. कायव्हर्नोच्या कमांड लाइनमध्ये अशा चाचण्या क्लस्टरशिवाय चालवण्याची सोय आहे. तुमच्या वेबहुकसाठी ती गोच्या साध्या चाचणी-तक्त्यात बसेल. नवा पॅटर्न लावण्यापूर्वी क्लस्टरमध्ये आज चालू असलेल्या सर्व इमेजची यादी काढून तीही त्यावर एकदा ताडून पाहावी.

प्रश्न : सही कोणी केली हे तपासताना सही करणाऱ्याच्या ओळखीतही स्टार चालतो. तिथेही हीच काळजी घ्यावी का? (छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक)

होय, तिथे तर अधिकच. किल्लीशिवाय केलेल्या सहीत ओळख म्हणून बहुधा गिटहबवरील वर्कफ्लोचा (आपोआप चालणाऱ्या कामाचा) पत्ता असतो. सिगस्टोअरच्या कोसाइन या सही-साधनाच्या २.० आवृत्तीने, म्हणजे २०२३ पासून, अशी सही तपासताना ओळख आणि ती देणारी संस्था हे दोन्ही सांगणे सक्तीचे केले, कारण त्याआधी ‘कोणाची तरी सही आहे’ एवढ्यावरच समाधान मानणाऱ्या तपासण्या लिहिता येत होत्या. ओळखीच्या जागी नुसता स्टार लिहिला की आपण पुन्हा तिथेच पोहोचतो. संघटनेचे नाव आणि त्यानंतरचा स्लॅश पूर्ण लिहावा. शक्य असेल तिथे रेपॉझिटरी, वर्कफ्लोची फाइल आणि शाखाही लिहावी. नाही तर त्याच संघटनेतल्या कोणत्याही प्रायोगिक रेपॉझिटरीतून कोणीही केलेली सही उत्पादनातल्या इमेजला चालते.

प्रश्न : आमच्या मान्य यादीत कुबरनेटिसची जुनी रजिस्ट्री अजून आहे. ती काढावी का? आणि आम्ही आता सर्व इमेज अंतर्गत मिररमधून (मूळ रजिस्ट्रीच्या प्रतीमधून) घेतो, तर यादीत मूळ पत्ते ठेवावेत की मिररचा? (नागपूरहून एक वाचक)

जुनी नोंद काढावी. ‘केएटएस.जीसीआर.आयओ’ ही रजिस्ट्री ३ एप्रिल २०२३ पासून गोठवली गेली, तेव्हापासून तिच्यात नव्या इमेज येत नाहीत, आणि तिची जागा ‘रजिस्ट्री.केएटएस.आयओ’ने घेतली आहे. जुन्या नोंदीचा उपयोग आता फक्त जुन्या, दुरुस्त न झालेल्या इमेज आत येऊ देण्यापुरता उरतो.

मिररचे उत्तर तो कुठे बसवला आहे यावर ठरते. पत्ता बदलण्याचे काम बदल करणारा वेबहुक करत असेल, तर तो तपासणी करणाऱ्या वेबहुकच्या आधी चालतो. म्हणजे पॉलिसीला दिसतो तो बदललेला पत्ता, आणि यादीत मिररचाच होस्ट हवा. मूळ पत्ते यादीत ठेवले तर बदल करणारा वेबहुक बंद पडल्याचे तुम्हाला कळणारही नाही. पण मिरर नोडवरच्या, म्हणजे क्लस्टरमधल्या संगणकावरच्या, कंटेनरडी या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये असेल, तर पॉडमध्ये मूळ पत्ताच राहतो आणि यादीत तोच लिहावा लागतो. या दुसऱ्या मांडणीत पॉलिसी ज्या नावाला होकार देते ते नाव आणि ज्या सर्व्हरवरून बाइट प्रत्यक्ष उतरतात तो सर्व्हर वेगळे असतात, आणि पॅटर्न कितीही काटेकोर लिहिला तरी तो फक्त नावाबद्दलच बोलू शकतो. मिररवरून नेमके तेच उतरले का, हे डायजेस्टवरून आणि सहीवरूनच ठरते. म्हणून मिरर वापरणाऱ्यांनी टॅग स्वीकारताना त्याचे डायजेस्टमध्ये रूपांतर करून घेण्याची कायव्हर्नोची सोय बंद करू नये.